गुहागरच्या सहलीचं इतिवृत्त

माझ्या थोरल्या साडूंइतका खरा माणूस अख्ख्या पुणे शहरात सापडणार नाही, आणि त्यांना त्यांच्याच अक्षरात खोटं ठरवण्याचं काम मी केलं आहे. हे आधीच सांगून टाकतो. पुढे त्यांच्याबद्दल जे लिहिणार आहे त्यात थट्टा बरीच येईल, आणि थट्टेच्या आड लपायची मला सवय आहे. वीस वर्षं मी त्यांची टिंगल करत आलो. साडूची टिंगल करायला आपल्याकडे परवाना लागत नाही. पण टिंगल वेगळी आणि मी गेल्या वर्षी केलं ते वेगळं.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या सर्वांत थोरल्या बहिणीचे यजमान. माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे, बुधवार पेठेत दुसऱ्या मजल्यावर राहतात, आणि मी विश्रांतवाडीला राहतो याचा अर्थ मी पुण्याच्या जवळपास कुठेतरी राहतो असा ते घेतात. मला ते नावाने हाक मारत नाहीत. ‘धाकटे’ म्हणतात. एका सहकारी संस्थेत त्यांनी एकतीस वर्षं नोकरी केली, आणि त्या एकतीस वर्षांत त्यांचं मुख्य काम एकच होतं: संचालक मंडळाच्या सभांचं इतिवृत्त लिहिणं. कोण काय म्हणालं, कोणी सुचवलं, कोणी अनुमोदन दिलं, कोण विरोधात होतं. संचालक आले आणि गेले, काही सन्मानाने गेले, काही तसे गेले नाहीत, पण साडूंनी लिहिलेल्या एका ओळीवरही कधी कोणाला बोट ठेवता आलं नाही. निवृत्त झाल्यावर माणसं बागकाम करतात, नातवंडं सांभाळतात, सकाळी हसण्याच्या क्लबात जाऊन विनाकारण हसतात. साडूंनी सहलींचं इतिवृत्त लिहायला घेतलं.

त्यामागे त्यांचा सिद्धांत होता. त्यांच्या मते प्रवासाची आठवण ही दुधासारखी असते. आठ दिवसांच्या आत विरजण लावलं नाही तर ती नासते, आणि नासली तरी माणूस ती दही समजून आयुष्यभर वाढत राहतो. फोटो हा त्यावर उपाय नव्हे. उलट फोटो काढला की बघायचं काम फोनवर सोपवून माणूस मोकळा होतो, असं त्यांचं म्हणणं. एकदा महाबळेश्वरला एका नव्या जोडप्याने त्यांच्या हातात फोन देऊन फोटो काढायची विनंती केली. साडू म्हणाले, “काढतो, पण आधी बघून घ्या.” आणि त्या दोघांना दरीकडे तोंड करून त्यांनी पाच मिनिटं उभं केलं, घड्याळ लावून. तिसऱ्या मिनिटाला मुलगी हसू लागली, चौथ्या मिनिटाला मुलगा चिडला. फोटो आला तेव्हा त्यात एकजण हसरा आणि एकजण रागावलेला होता. साडूंच्या मते तो त्यांच्या लग्नाचा पहिला खरा फोटो असणार.

वस्तूंवरही त्यांचा विश्वास नाही. हर्णैच्या वाळूतून मी एकदा एक चांगला शंख उचलला. तो त्यांनी हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, “हा घरी नेऊन तुम्ही याला काय विचारणार?” मी शंख परत टाकला. अजून तिथे असेल.

त्यांच्याबरोबर सहलीला जायचं म्हणजे काही नियम पाळावे लागत. सगळ्यांत कडक नियम असा की सहल चालू असताना सहलीविषयी बोलायचं नाही. दिवसभर देवळं बघितली, समुद्र बघितला, तरी रात्रीच्या जेवणाला त्यातलं अक्षर काढायचं नाही, कारण एकाचं ऐकून दुसऱ्याची आठवण बदलते. “साक्षीदारांनी एकमेकांत बोलू नये,” ते म्हणत. त्यामुळे लॉजच्या जेवणघरात आमचं टेबल असं काही गप्प असायचं की शेजारची मंडळी आपला आवाज खाली घ्यायची. मुरुडला एका बाईंनी माझ्या बायकोला कोपऱ्यात गाठून हळूच विचारलं होतं, तुमच्याकडे कोणी गेलंय का.

मग पुण्याला परतल्यावर आठ दिवसांच्या आत सभा. तीन दिवस आधी नोटीस. पूर्वी ती पोस्टकार्डाने यायची. आता हाताने लिहिलेल्या नोटिशीचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर येतो, आणि तो पाठवताना फोटोवरचा आपला सिद्धांत साडूंना आड येत नाही, हे मी एकदा लक्षात आणून दिलं होतं. त्यांनी ते नोंदवून घेतलं. सभा रविवारी सकाळी दहाला. अध्यक्ष ते, सचिवही ते. सभासद म्हणजे ताई, म्हणजे त्यांच्या सौभाग्यवती, त्यांची मुलगी मुग्धा, मी आणि माझी बायको. कोरम तिघांचा. विषय पहिला: मागील सभेचं इतिवृत्त वाचून कायम करणं. विषय दुसरा: सहलीतील घटना. विषय तिसरा: अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळचे विषय. तिसऱ्या विषयात पोहे येत. कोणी एखादी आठवण सांगायची, दुसऱ्या कोणीतरी अनुमोदन द्यायचं, मग साडू ती लाल कापडी पाठीच्या लांब वहीत लिहायचे. अनुमोदन नसेल तर नोंद नाही. एकाच माणसाला आठवतं ती आठवण नव्हे, ती वार्ता, असं त्यांचं मत. मी विश्रांतवाडीहून येईपर्यंत दहा वाजून दहा मिनिटं झालेली असत, आणि वहीत पहिली ओळ हमखास अशी असे: ‘धाकटे यांच्या प्रतीक्षेत सभा दहा मिनिटे तहकूब.’

या सभांत काय काय झालंय. उकडीचे मोदक पहिल्या दिवशी मिळाले की दुसऱ्या, यावर एकदा पावणेदोन तास चर्चा झाली. मोदक पहिल्या दिवशी होते असं ताई म्हणत होत्या आणि त्यांना माझं अनुमोदन होतं. दुसऱ्या दिवशी होते असं माझी बायको म्हणत होती आणि तिला मुग्धाचं होतं. शेवटी साडूंनी लॉजच्या मालकांना फोन लावला आणि स्पीकरवर टाकून रीतसर विचारलं. मालक म्हणाले, “काका, मोदक रोजच असतात.” साडूंनी फोन बंद केला. मग त्यांनी लिहिलं: ‘मोदक दोन्ही दिवशी होते. सभेतील एकाही सभासदाला ही गोष्ट पूर्ण आठवली नाही.’ आणि ही नोंद मात्र सर्वानुमते मंजूर झाली.

माझ्या मोराचं दुःख वेगळंच आहे. सात वर्षांपूर्वी वाईजवळ आम्ही मुक्कामाला होतो. सकाळी सगळे झोपले असताना मी लॉजच्या मागे गेलो आणि दहा हातांवर, तुटक्या कठड्यावर, मोर बसला होता. पिसारा मिटलेला. तो माझ्याकडे बघत होता, मी त्याच्याकडे. माझ्यासारख्या माणसाच्या वाट्याला अशा गोष्टी फार येत नाहीत. खराडीला एका कंपनीत मी प्रशासन बघतो. तिथे दिवसभर माझ्याकडे जे बघतात त्यांना एसी कमी करून हवा असतो. तर हा मोर मी सभेत मांडला. साडूंनी पेन उचललं, सगळ्यांकडे पाहिलं आणि विचारलं, “अनुमोदन?” सगळे माझ्याकडे कीव आल्यासारखे बघत होते. बायकोसुद्धा. साडूंनी पेन खाली ठेवलं. “मोर नामंजूर.” मी वाद घातला, तर म्हणाले, “धाकटे, तो आलाही असेल. पण नोंद घेता येत नाही.”

या वह्यांमध्ये माझं नाव अकरा वेळा आलं आहे. मी मोजलंय. चार्जर विसरले, धाकटे. चुकीच्या फाट्यावर वळा म्हणाले, धाकटे. ताईंच्या चपला देवळाबाहेर राखायला बसले आणि दुसऱ्याच बाईंच्या राखून आले, धाकटे. यातलं सगळं खरं होतं आणि सगळ्याला अनुमोदन होतं. मोर तेवढा नव्हता. हे मी स्वतःची बाजू मांडायला सांगत नाही. पण गुहागरच्या सहलीत मी जे केलं ते करताना माझ्या मनात कुठेतरी बारावी नोंद नको, एवढंच होतं.

गेल्या दिवाळीनंतर आम्ही गुहागरला गेलो. परतीच्या दिवशी धोपाव्याच्या जेटीवर फेरीबोटीची वाट बघत थांबलो होतो. ताईंना त्याच्या वर्षभर आधी कानाचं मशीन लावलं होतं. खाडीच्या वाऱ्याने त्यात सूं सूं आवाज यायला लागला, म्हणून त्यांनी ते काढून डबीत ठेवलं आणि डबी साडूंकडे दिली. साडूंनी तिला नेहमीप्रमाणे लाल रबर दोन वेढे देऊन लावलं. मग त्यांना बोटीची तिकिटं काढायला जायचं होतं, म्हणून त्यांनी ती माझ्या हातात दिली. माझ्या त्याच हातात टपरीवरून घेतलेली गरम कांदाभजी होती, वर्तमानपत्राच्या कागदात. मी डबी कागदाच्या एका कोपऱ्यात ठेवली. भजी संपली. कागद चुरगळून मी बाजूला टाकणार, एवढ्यात तिकिटं घेऊन परत येणारे साडू लांबूनच म्हणाले, “धाकटे, तिथे नाही. पिंप आहे तिकडे.” टपरीच्या मागे निळं प्लॅस्टिकचं पिंप होतं. मी एका जबाबदार नागरिकासारखा चालत गेलो आणि ताईंचा उजवा कान त्या पिंपात टाकून आलो.

बोट खाडीच्या मध्यावर आल्यावर ताईंनी खुणेने मशीन मागितलं. साडू माझ्याकडे वळले. मी खिसे चाचपायला लागलो आणि तिसऱ्या खिशाशी मला ते पिंप दिसलं. खरंखुरंही दिसत होतं, मागे, जेटीवर, एवढंसं निळं. बोट परत नेता येत नाही हे खरं आहे. पण पलीकडे उतरून पुढच्या बोटीने मागे जाता आलं असतं. तासभर गेला असता. मी तेवढंच म्हणायला हवं होतं. मी म्हणालो, “माझ्याकडे? माझ्याकडे कुठे दिलीत? तुम्ही खिशात टाकलीत ना?”

साडू माझ्याकडे बघतच राहिले. त्या बघण्यात राग नव्हता, तेच वाईट होतं. त्यांनी आपला खिसा पाहिला.

सभेत हा विषय आला. उरलेल्या प्रवासात ताईंना काहीच ऐकू आलं नव्हतं, त्यामुळे त्या तटस्थ राहिल्या, आणि इतकी शांत सहल आपल्या आयुष्यात झाली नाही असं त्यांनी आवर्जून नोंदवायला लावलं. साडूंनी मांडलं, “डबी मी धाकट्यांच्या डाव्या हातात दिली.” अनुमोदन कोणी द्यायचं? मुग्धा तेव्हा गाडीत कानात गाणी घालून बसली होती. मग मी मांडलं की डबी साडूंनी खिशात ठेवली. आणि माझी बायको म्हणाली, “हो भावजी, मी बघितलं की. पांढऱ्या शर्टाच्या वरच्या खिशात ठेवलीत. नंतर वाकलात तेव्हा पडली असणार.”

मी तिला काहीही शिकवलेलं नव्हतं. त्या वेळी ती जेटीच्या दुसऱ्या टोकाला समुद्रपक्ष्यांचे फोटो काढत होती. त्या सहलीचे तिच्या फोनमध्ये चारशे फोटो आहेत आणि त्यातल्या निम्म्यांत पक्ष्याची फक्त शेपटी आहे. पण साडूंना सोडून विश्रांतवाडीला येताना गाडीत मी तिला दोनदा तीच गोष्ट सांगितली होती, आणि नवरा दोनदा जे सांगतो ते तिसऱ्यांदा तिला स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्यासारखं वाटलं होतं. साक्षीदारांनी एकमेकांत बोलू नये हा नियम कशासाठी होता ते मला त्या क्षणी कळलं.

नियमाप्रमाणे साडूंच्या म्हणण्याला अनुमोदन नव्हतं, माझ्या म्हणण्याला होतं. त्यांनी पेन उचललं. एकतीस वर्षांत वळण न बदललेल्या त्या अक्षरात त्यांनी लिहिलं: ‘डबी अध्यक्षांनी स्वतःच्या खिशात ठेवली व ते विसरले.’ वाचून दाखवलं. कायम केलं. मला वाटलं होतं ते भांडतील. पुण्यात माणसं यापेक्षा कितीतरी लहान गोष्टींवर वर्षानुवर्षं बोलत नाहीत. पण साडू आपल्या नियमाला शरण गेले. मांजर उठून गेल्यावर त्याने ऊबदार केलेल्या खुर्चीवर आयतं बसावं, तसा मी मागे टेकलो आणि पोहे खाल्ले.

त्यानंतर त्यांच्यात फरक पडला. आधी मला गंमत वाटली. दूध आणून ठेवल्यावर ते ताईंना विचारायचे, “मी दूध आणलं ना?” ताई अनुमोदन द्यायच्या. मग कुलूप लावल्याला अनुमोदन लागायला लागलं, मग गोळी घेतल्याला. बोलता बोलता ते मधेच थांबायचे, म्हणायचे, “असं मला वाटतं. तुम्हाला काय आठवतं?” संक्रांतीनंतर आम्ही दोन दिवस भोरला गेलो, तर सभेत त्यांनी वही मुग्धापुढे सरकवली. “तू लिही. माझ्यावर विसंबू नका.” मुग्धाही खराडीला नोकरी करते, माझ्यापासून तीन इमारती पलीकडे, कुठल्यातरी संगणकी कामात. तिने वही बाजूला ठेवली आणि फोनमध्ये लिहिलं: ‘ओव्हरऑल नाइस ट्रिप. फूड गुड.’ साडूंनी ते वाचलं आणि मान डोलावली. तिथे मला पहिल्यांदा भीती वाटली.

मुग्धा मला खराडीला चहाच्या वेळी भेटली आणि म्हणाली, “काका, बाबांचा मेमरीचा इश्यू आहे. आपण डिनायलमध्ये राहून चालणार नाही. सुरुवात त्या मशीनपासून झाली, आठवतं ना?” मला आठवत होतं. मी चहा पीत राहिलो. तिने त्यांना डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी तीन शब्द सांगितले आणि थोड्या वेळाने विचारले. साडूंनी तिन्ही शब्द बरोबर सांगितले आणि वर म्हणाले, “पण हे तुम्हीच सांगितलेत याला साक्षीदार कोण आहे?” डॉक्टर हसले. साडू हसले नाहीत. डॉक्टरांनी लिहून दिलं की सध्या काळजीचं काही दिसत नाही, लक्ष ठेवावं. घरातल्या सगळ्यांनी मिळून त्यातला दुसरा अर्धा भाग लक्षात ठेवला.

साडूंनी आणि ताईंनी गणपती झाल्यावर बावीस दिवस दक्षिणेत जायचं ठरवलं होतं. दोघंच. रामेश्वर, कन्याकुमारी, सगळं रेल्वेने. चाळीस वर्षं हा बेत ठरत आणि पुढे जात आला होता. आधी नोकरी, मग मुग्धाचं शिक्षण, मग सासूबाईंचं आजारपण, मग ताईंचे गुडघे. आता कुठे आरक्षण झालं होतं. मुग्धा म्हणाली, त्या दोघांनाच पाठवायचं नाही, बाबा कुठल्यातरी स्टेशनवर आईला विसरून उतरतील. तिकिटं रद्द करायला हवीत. साडूंनी वाद घातला नाही. त्यांनी विशेष सभेची नोटीस काढली. विषय एकच: दक्षिण यात्रा रद्द करणेबाबत.

नोटीस आल्यापासून सभेपर्यंत मी जे जे केलं त्याची मला लाज वाटते. मी साडूंना बाकरवडी नेऊन दिली. त्यांच्या बाल्कनीचा नळ दुरुस्त करून दिला. मुग्धाला फोन करून सांगितलं की अगं, विसरणं वयानुसार असतंच, मीसुद्धा विसरतो. खरं सोडून सगळं सांगून पाहिलं. शनिवारी साडूंनी मला जिन्यापर्यंत सोडलं आणि विचारलं, “धाकटे, नळ तुम्ही दुरुस्त केलात ना? की मी?”

रविवारी मी दहाला पाच कमी असताना पोहोचलो. साडूंनी घड्याळाकडे दोनदा पाहिलं, कारण याला पूर्वीचा दाखला नव्हता.

सभा सुरू झाली. साडूंनीच विषय मांडला, शांतपणे, दुसऱ्या कोणाच्या प्रवासाबद्दल बोलावं तसा. मुग्धाने अनुमोदन दिलं, तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मी उभा राहिलो आणि म्हणालो, गुहागरच्या इतिवृत्तात दुरुस्ती करायची आहे. डबी माझ्याकडे दिली होती. मीच ती हरवली, आणि मला ते बोटीत असतानाच कळलं होतं.

खोलीत कोणाला काही धक्का वगैरे बसला नाही. मुग्धाने माझ्या दंडावर हात ठेवला आणि म्हणाली, “काका, सो स्वीट ऑफ यू. पण असं करून बाबांना मदत होणार नाही.” बायको म्हणाली, “अहो, उगाच कशाला मोठेपणा घेताय? मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. पांढऱ्या शर्टाचा खिसा.” नऊ महिने मी खोटा होतो तेव्हा सगळ्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला होता, आणि आता खरा झालो तर मी फार मनाचा मोठा ठरत होतो. मी परत तेच सांगितलं. बायकोने माझ्यासाठी पाणी आणलं.

साडूंनी मात्र पेनाचं टोपण काढलं होतं. चष्म्याच्या वरून माझ्याकडे बघत त्यांनी विचारलं, “तेव्हा तुमच्या हातात आणखी काय होतं?”

“कांदाभजी. वर्तमानपत्राच्या कागदात. डबीला लाल रबर होतं, दोन वेढ्यांचं.”

“कागदाचं काय केलंत?”

मी खाली बघितलं. “निळ्या पिंपात टाकला. तुम्हीच म्हणालात, तिथे टाका म्हणून.”

हे पिंप मी कोणालाही कधी सांगितलं नव्हतं. साडू खुर्चीत मागे टेकले. समोरच्या इमारतीवरून कबुतरं उडाली, खालच्या दुकानात कोणीतरी स्पीकर तपासत होतं, त्याचं ‘हॅलो हॅलो’ वर येत होतं. साडूंच्या चेहऱ्यावर जे उमटलं त्याला आनंद म्हणता येणार नाही. बरेच दिवस बाहेरगावी असलेला माणूस आपल्या घराचं कुलूप उघडतो आणि आत सगळं जिथल्या तिथे असतं, तसं काहीतरी ते होतं.

“अनुमोदन,” ते म्हणाले. “मला आठवतच होतं.”

मग त्यांनी वही पुढे ओढली, गुहागरचं पान काढलं आणि त्या जुन्या ओळीवर एक सरळ रेघ मारून बाजूला सही केली. मुग्धा वडिलांकडे बघत होती. तिने आपला फोन उलटा करून टेबलावर ठेवला आणि यात्रा रद्द करायला दिलेलं अनुमोदन मागे घेतलं. माझ्या बायकोने मात्र गुहागरच्या सभेतलं आपलं अनुमोदन मागे घेतलं नाही. तिला तो पांढरा खिसा आजही दिसतो आणि माझी खात्री आहे की तो तिला शेवटपर्यंत दिसणार. त्याबद्दल तिला मी काय म्हणणार. तो खिसा मीच शिवून दिलाय.

साडूंनी नवी ओळ लिहायला घेतली आणि थांबले. “पुढे काय लिहू? दिलगिरी की माफी? दिलगिरी संस्था व्यक्त करते, धाकटे. माफी माणसाला मागावी लागते.” मग लगेच, माझ्याकडे न बघता, “आणि यावरून मोर मंजूर झाला असं समजू नका.”

मी म्हणालो, माफी लिहा. आणि तिथेच, पोह्यांसाठी मांडून ठेवलेल्या रिकाम्या बशांसमोर उभा राहून मी मागितली. जे बोलायचं ते शनिवारभर घोकलं होतं, त्यातलं एकही वाक्य आठवलं नाही. काहीतरी बोललो. साडू एकेक शब्द लिहून घेत होते.

माझं बोलून झालं तेव्हा ताईंनी साडूंना विचारलं, “काय म्हणाले हो ते?”

साडूंनी वही बंद न करता माझ्याकडे पाहिलं. ताईंनी टेबलावरची, गुहागरनंतर घेतलेल्या नव्या मशीनची डबी उघडली, मशीन कानात नीट बसवलं, एकदा डोकं हलवून पाहिलं आणि म्हणाल्या, “हं. आता बोला.”

“ताई,” मी म्हणालो, या वेळी मोठ्याने, “तुमचं मशीन मी टाकलं. आणि ते यांच्या नावावर लिहू दिलं. नऊ महिने तुम्ही यांना कुलूप लावलंत, गोळी घेतलीत, असं सांगत राहिलात, ते माझ्यामुळे. हे काहीही विसरले नव्हते. मला माफ करा. दोघांनीही.”